पोरांना आधी पोटभर खेळू द्या

२००४-०५ च्या हंगामात एनएचएलचा, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा, एकही सामना झाला नाही. पगाराच्या कमाल मर्यादेवरून मालक आणि खेळाडू यांची जुंपली, मालकांनी टाळेबंदी केली आणि बर्फावरच्या हॉकीतली जगातली सर्वात मोठी लीग वर्षभर बंद राहिली. बरेच नावाजलेले खेळाडू युरोपात गेले. नुकतीच लीगमध्ये आलेली कोवळी पोरं मात्र क्लबांनी एक पायरी खाली, अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळायला पाठवली. या लीगला सगळे एएचएल म्हणतात.

एरिक स्टाल त्यांच्यातलाच. २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नव्या तरुण खेळाडूंना क्रमाक्रमाने निवडतात त्या निवडीत, तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच वर्षी कॅरोलायना हरिकेन्सने त्याला थेट एनएचएलमध्ये उतरवलं. पहिल्या हंगामात ८१ सामन्यांत त्याचे ३१ गुण झाले. हॉकीत स्वतःच्या गोलचा एक गुण आणि दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेल्या पासचाही एक गुण धरतात. मग टाळेबंदीचं वर्ष आलं. स्टाल लोवेलच्या संघाकडून ७७ सामने खेळला, ७७ गुण केले. परत आल्यावर २००५-०६ मध्ये त्याने एनएचएलमध्ये बरोबर १०० गुण केले आणि त्याच जूनमध्ये कॅरोलायनाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. बॉस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनचंही तसंच झालं. अठराव्या वर्षी ३९ गुण, मग एक हंगाम प्रॉव्हिडन्सला, आणि परतल्यावर ७३.

सगळं श्रेय एएचएलला देता येणार नाही, हे मान्य आहे. टाळेबंदीनंतर स्टिकने अडवण्या-ओढण्यावर कडक शिक्षा सुरू झाली आणि गोलही वाढले. दोघं एका वर्षाने मोठेही झाले होते. तरी मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. टाळेबंदी झाली नसती, तर कॅरोलायनाने आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पोराला आपणहून खाली पाठवलं असतं का? मला तरी तसं वाटत नाही. मालकांच्या भांडणामुळे त्याला जे वर्ष मिळालं, ते बहुतेक पोरांना मिळतच नाही.

दरवर्षी जूनच्या शेवटी ड्राफ्ट होतो, सप्टेंबरात क्लबांची शिबिरं लागतात आणि तोच वाद पुन्हा पेटतो. हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा गुणी आहे, मग त्याला खालच्या लीगमध्ये कशाला सडवायचं? थेट वर का नको? माझं मत स्पष्ट आहे. दर ड्राफ्टमधले एक-दोन, फार तर तीन पोरगे सोडले, तर बाकी कुणालाही खालची पायरी ओलांडून वर नेऊ नये. आणि जो नियम कॅनडातल्या पोरांसाठी ही पायरीच काढून घेतो, तो मोडीत काढावा.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडी रचना सांगते. एनएचएलमध्ये ३२ क्लब आहेत आणि एएचएलमध्येही ३२. प्रत्येक मोठ्या क्लबची खाली एक जोडी आहे. टोरांटो मेपल लीफ्सची मार्लीज, डेट्रॉइटची ग्रँड रॅपिड्स, बॉस्टनची प्रॉव्हिडन्स. आपल्याकडे रणजीत धावा केल्याशिवाय कसोटीचं नाव काढू नये असं जुने लोक म्हणतात, तसं इथे एएचएलचं स्थान आहे. एनएचएलमध्ये आज खेळणाऱ्या दर दहा खेळाडूंपैकी जवळपास नऊ जण कधी ना कधी एएचएलमधून गेलेले आहेत. म्हणजे हा राजरस्ता आहे. तरीही लोकांच्या मनात तो कमीपणाचा मानला जातो. ‘खाली पाठवला’ हे शब्द इथल्या, कॅनडातल्या बातम्यांत शिक्षा झाल्यासारखे येतात.

खाली नेमकं काय मिळतं, हे टोरांटोतल्या एक्झिबिशन प्लेसच्या कोका-कोला कोलिझियममध्ये मार्लीजचा एखादा सामना बघितला की कळतं. मैदान लहान, तिकीट परवडणारं, पहिल्या रांगांतून खेळाडूंची आपसातली हाकाटी ऐकू येते. मी पाहिलेल्या एका सामन्यात एका तरुण बचावपटूने आपल्याच जाळीमागून पक (खेळातली रबरी चकती) उचलला आणि समोरचा माणूस किती जवळ आलाय हे न बघता मधून पास द्यायला गेला. पक मध्येच अडवला गेला, गोल झाला. पोरगा मान खाली घालून बाकावर आला. सहायक प्रशिक्षक टॅबलेट घेऊन त्याच्यामागे वाकला, तोच प्रसंग दोनदा दाखवला, बोटाने काहीतरी आखून सांगितलं. आणि पुढची पाळी आली तेव्हा त्याच पोराला पुन्हा बर्फावर सोडलं. पुन्हा जवळपास तशीच वेळ आली. या खेपेला त्याने पक कडेच्या फळ्यांवर आपटून बाहेर काढला. दिसायला कुरूप, पण बरोबर. तेच शिकवायचं होतं.

हीच चूक एनएचएलमध्ये झाली असती, तर? प्लेऑफची (बाद फेरीची) जागा संघाच्या एका-दोन गुणांनी हुकते, प्रशिक्षकाची नोकरी डिसेंबरातच जाऊ शकते. चूक केलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला तो उरलेला सामना बाकावर बसवतो, पुढच्या सामन्यात गणवेशही चढवू देत नाही. त्यात प्रशिक्षकाचा दोष नाही, त्याचं काम आज जिंकायचं आहे. पण पोरगा यातून शिकतो ते एवढंच, की पक पायाशी आला की घाबरून लगेच सोडून द्यायचा. ज्या हातांसाठी त्याला निवडलं, ते हातच तो वापरायचं थांबवतो.

मिनिटांचा हिशोबही बघा. सामना साठ मिनिटांचा असतो. आघाडीच्या चार फळ्या असतात आणि चौथ्या फळीतल्या माणसाला सात-आठ मिनिटं खेळायला मिळतात, तीही समोरच्याला दमवण्यासाठी. पॉवर प्ले म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बसलेला असतानाची दोन मिनिटं, गुणी पोराने चमकायची खरी वेळ. चौथ्या फळीतल्या पोराला ती दिसतही नाही. तोच पोरगा एएचएलमध्ये पहिल्या-दुसऱ्या फळीत अठरा-वीस मिनिटं खेळतो, पॉवर प्लेवर असतो, एका गोलची आघाडी राखायची असली तरी त्यालाच पाठवतात.

सरावाचाही प्रश्न आहे. एनएचएलचे आतापर्यंत ८२ सामने असत, २०२६-२७ पासून ते ८४ होताहेत आणि हंगामाआधीचे सराव सामने कमी होताहेत. चार रात्रींत तीन सामने आणि मधे विमान, अशा वेळापत्रकात पूर्ण सराव म्हणजे चैन. एएचएलचे सामने ७२ आणि ते बहुतांशी शुक्रवार ते रविवार उरकतात. मंगळवार ते गुरुवार पोरं बर्फावर असतात, शिकवणारे सोबत असतात. कडेच्या फळ्यांजवळ अठ्ठावीस वर्षांच्या गड्याशी झोंबताना खांदा कुठे लावायचा, मागे सरकताना समोरच्यापासून किती अंतर ठेवायचं, हे सामन्यात नुसतं समजतं. अंगात मुरतं ते सरावात.

याची आपल्या माणसांच्या जवळची गोष्ट म्हणजे मॅनी मल्होत्रा. जन्म टोरांटोजवळच्या मिसिसागाचा, वडील पंजाबी. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि अठराव्या वर्षी थेट संघात ठेवलं. ७३ सामन्यांत त्याचे १६ गुण झाले. पुढच्या हंगामात रेंजर्सकडून २७ सामने खेळूनही एकसुद्धा गुण नाही. ज्युनिअर हॉकीत ग्वेल्फचा आधारस्तंभ असलेला पोरगा न्यूयॉर्कच्या बाकावर बसून राहिला. पुढे तो एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला, फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांत टाकलेला पक) जिंकणारा आणि बचावाला खंदा म्हणून त्याचं नाव झालं, आणि ही कारकीर्द कुणालाही अभिमान वाटावा अशीच आहे. पण सातव्या क्रमांकावर घेतलेल्या पोराकडून गोलांचीही अपेक्षा असते. वीसच्या आत मिळालेली ती दोन वर्षं वेगळी गेली असती तर गोल करणारा खेळाडूही घडला असता का, याचं उत्तर आता मिळणार नाही. मला मात्र त्या दोन वर्षांचं वाईट वाटतं.

दुसरी बाजू हलकी नाही. सिडनी क्रॉस्बी अठराव्या वर्षी आला आणि त्याने १०२ गुण केले. कॉनर मॅकडेव्हिड, नेथन मॅकिनन, अलीकडे कॉनर बेडार्ड आणि मॅकलिन सेलेब्रिनी हे सगळे थेट आले आणि पहिल्याच वर्षी आपापल्या संघाचे आधार झाले. यांना एएचएलमध्ये पाठवणं वेडेपणा ठरला असता. पण ही नावं पुढे करणाऱ्यांनी बघावं, की ही सगळी पहिल्या क्रमांकावर निवडलेली पोरं आहेत आणि ती पहिल्या दिवसापासून पहिल्या-दुसऱ्या फळीत खेळली. त्यांना मिनिटं मिळाली. क्रॉस्बीकडे बघून अकराव्या क्रमांकाच्या पोराचं धोरण ठरवायचं, ही चूक दर सप्टेंबरात होते.

यातलं सर्वात अवघड उदाहरण युराय स्लाफकोव्स्कीचं आहे. २०२२ मध्ये माँट्रियलने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तो फिनलंडमधल्या क्लबकडून आलेला, त्यामुळे एएचएलचं दार त्याला उघडं होतं. तरी क्लबने त्याला वरच ठेवलं. पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत १० गुण आणि जानेवारीत गुडघ्याची दुखापत. माँट्रियलमध्ये तेव्हा रोज यावरच चर्चा चालायची, खाली पाठवा, खाली पाठवा. क्लबने ऐकलं नाही. दुसऱ्या हंगामात तो सर्व ८२ सामने खेळला, २० गोल, ५० गुण, आणि त्यानंतर आठ वर्षांचा करार. थेट आणण्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण हमखास देतात आणि देण्यासारखं आहेच. पण तो बहरला कधी? प्रशिक्षक मार्टिन सेंट लुईने त्याला निक सुझुकी आणि कोल कॉफिल्डच्या पहिल्या फळीत नेऊन बसवलं आणि चुका होऊनही तिथून हलवलं नाही, तेव्हा. संघ तळाला होता, जिंकायची घाई नव्हती, म्हणून ते जमलं. म्हणजे माँट्रियलने एएचएलमध्ये जे मिळतं, तेच त्याला वर दिलं. असं धैर्य किती क्लबांकडे असतं?

बहुतेकांकडे नसतं, हे एडमंटनने दाखवून दिलं. २०१० पासून सहा वर्षांत या क्लबला चार वेळा पहिला क्रमांक मिळाला. त्यातला २०१२ चा नायल याकुपोव्ह. पहिल्या छोट्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल आणि मग उतरती कळा. २०१८ नंतर तो एनएचएलमध्ये दिसला नाही. त्याच्या पडझडीला कारणं अनेक होती, पण हरत्या संघात, बदलत्या प्रशिक्षकांच्या हाताखाली बचाव शिकायला त्याला कुणी उसंत दिली नाही, हे उघड आहे. २०१६ मध्ये चौथ्या क्रमांकावर आलेल्या येसे पुल्युयार्वीला आधी २८ सामने वर ठेवलं, एक गोल झाला, मग बेकर्सफील्डला, क्लबच्या एएचएल संघात पाठवलं, मग परत वर, असं चाललं. शेवटी तो एका हंगामासाठी फिनलंडला निघून गेला.

आणि हाच क्लब एकदा बरोबर वागला तेव्हाची गोष्टही ऐका. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या लिऑन ड्रायसायटलला एडमंटनने आधी थेट वर ठेवलं. ३७ सामने, ९ गुण. जानेवारीत चूक ओळखून त्याला केलोनाच्या ज्युनिअर संघात परत पाठवलं. तिथे त्याने संघाला आपल्या लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, ज्युनिअर संघांच्या मेमोरियल कप स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या हंगामाची सुरुवात बेकर्सफील्डला केली आणि मग वर येऊन ७२ सामन्यांत ५१ गुण. २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. खाली गेल्याने त्याचं काही कमी झालं नाही.

मग घाई करतं कोण? पैसा करतो, आणि दोन्ही बाजूंनी. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. त्या वयात त्याने एनएचएलचे दहा सामने खेळले नाहीत, तर कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, पुढे सरकतं. म्हणून ऑक्टोबरात दिसतं की पोराला नऊ सामने खेळवलं आणि मग सगळं शहर दहाव्या सामन्याची वाट बघतंय. निर्णय खेळावर व्हायचा, तो हिशोबावर होतो. खेळाडूच्या बाजूने एजंट सांगतो, की पहिला करार जितक्या लवकर संपेल तितक्या लवकर मोठा करार येईल. शिवाय २०२४ च्या ड्राफ्टमधल्या पोरांच्या पहिल्या करारात मूळ पगार ९ लाख ७५ हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याच करारावर एएचएलमध्ये खेळलं तर त्यापेक्षा कितीतरी कमी हातात पडतं. घर गहाण ठेवून पोराला खेळवलेल्या आई-बापांना हा फरक दिसणारच. त्यांना दोष देणं मला जमत नाही. क्लबच्या बाजूने, हरत्या संघाला तिकिटं विकायला नवा चेहरा लागतो. डोक्यावर टांगती तलवार असलेल्या जनरल मॅनेजरला दोन वर्षांनंतरचं फळ काय कामाचं? तेव्हा तो तिथे नसेल.

डेट्रॉइटने जनरल मॅनेजर केन हॉलंडच्या काळात याच्या उलट वाट धरली होती. पोरगा तयार दिसला तरी आणखी थोडं थांबवायचं, असा त्यांचा रिवाज होता. गोलरक्षक जिमी हॉवर्ड ग्रँड रॅपिड्सला चार हंगाम राहिला. गुस्ताव नीक्विस्ट आणि टॉमस टाटार तिथेच घडले, २०१३ मध्ये ग्रँड रॅपिड्सने एएचएलचा काल्डर कप जिंकला तेव्हा टाटार त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू होता. यावर टीका होते, की डेट्रॉइटचा संघ तेव्हा भरलेला होता, जागाच नव्हती, म्हणून थांबवणं परवडलं. खरं आहे. पण नंतर जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमनच्या हाताखाली संघ तळाला असतानाही मॉरित्झ सायडरला त्यांनी घाईने वर ओढलं नाही. २०१९ मध्ये सहावा क्रमांक, अठराव्या वर्षी एक हंगाम ग्रँड रॅपिड्सला, मग एक हंगाम स्वीडनमध्ये, आणि २०२१-२२ मध्ये एनएचएलमध्ये येऊन पहिल्याच वर्षी ५० गुण आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक. बचावपटू आणि गोलरक्षक यांच्या बाबतीत तर मला शंकाच उरत नाही. कॉनर हेलेबकने आधी एएचएलमध्ये जाळी सांभाळली, आज त्याच्याकडे सर्वोत्तम गोलरक्षकाचे तीन व्हेझिना करंडक आहेत.

आता त्या नियमाकडे येते, ज्याने मला हे लिहायला बसवलं. कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनिअर लीग, ओंटारियोची, पश्चिमेची आणि क्यूबेकची, मिळून सीएचएल म्हणून ओळखल्या जातात. एनएचएल आणि सीएचएल यांच्यातल्या करारानुसार, इथून ड्राफ्ट झालेला पोरगा वीस वर्षांचा होईपर्यंत किंवा ज्युनिअरमध्ये चार हंगाम पुरे करेपर्यंत एएचएलमध्ये खेळू शकत नाही. त्याला एनएचएल किंवा पुन्हा ज्युनिअर, मधलं काही नाही. मल्होत्रालाही तेव्हा न्यूयॉर्क किंवा ग्वेल्फ, एवढंच होतं.

हाच नियम युरोपातून ड्राफ्ट झालेल्या पोरांना लागत नाही. म्हणून स्वीडनहून आलेला विल्यम नायलँडर अठराव्या वर्षी मार्लीजकडून ३७ सामन्यांत ३२ गुण करू शकला आणि पुढच्या हंगामात ३८ सामन्यांत ४५. डाविद पास्त्रनाक अठराव्या वर्षी प्रॉव्हिडन्सला २५ सामने खेळून बॉस्टनला गेला आणि पुढे एका हंगामात ६१ गोल करणारा झाला. मिक्को रान्तानेन सॅन अँटोनियोत ५२ सामन्यांत ६० गुण करून कोलोरॅडोत आला. टोरांटोच्या क्लबच्या टोरांटोतल्याच खालच्या संघात स्वीडनचा अठरा वर्षांचा पोरगा खेळू शकतो, आणि त्याच शहरात वाढलेला, ज्युनिअर लीगमधून आलेला पोरगा खेळू शकत नाही. हे न्यायाचं आहे असं मला कुणी पटवून द्यावं.

शेन राइटचं काय झालं बघा. २०२२ मध्ये सिएटलने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. त्या हंगामात तो एनएचएलमध्ये आठ सामने खेळला, तंदुरुस्तीच्या नावाखाली कोचेला व्हॅलीला, सिएटलच्या एएचएल संघात, पाच सामने खेळून चार गोल करून आला, मग ज्युनिअर विश्वस्पर्धेत कॅनडाचा कर्णधार, मग पुन्हा ओंटारियोच्या ज्युनिअर लीगमध्ये, तिथेही संघ बदलला, आणि हंगाम संपल्यावर परत कोचेला व्हॅली. एका वर्षात पोराने किती सामानाच्या बॅगा भरल्या असतील! पुढच्या वर्षी एकोणीस वर्षांचा असताना त्याला खास सवलत मिळाली आणि तो जवळपास अख्खा हंगाम एएचएलमध्ये खेळला. ५९ सामने, २२ गोल, ४७ गुण. त्यानंतरच्या हंगामात तो सिएटलसाठी ७९ सामने खेळून ४४ गुणांचा धनी झाला. एक स्थिर वर्ष मिळालं आणि गाडी रुळावर आली. सवलत एकाला मिळू शकते, तर नियम का नको?

२०२५ मध्ये एनएचएल आणि खेळाडू संघटनेत झालेल्या नव्या करारात या भिंतीला एक भगदाड पाडायचं ठरलं. प्रत्येक क्लबला एका हंगामात एकोणीस वर्षांचा एक ज्युनिअर खेळाडू एएचएलमध्ये पाठवता यावा, अशी ही तरतूद आहे. मी तिचं मनापासून स्वागत करते. पण एकच का? एखाद्या क्लबकडे एकोणीस वर्षांचे तीन पोरगे असतील, तर त्यातल्या दोघांनी काय पाप केलं?

ज्युनिअर क्लबांची बाजू मी समजू शकते. मूस जॉ किंवा स्विफ्ट करंटसारख्या लहान गावात हिवाळ्यातल्या शुक्रवारी रात्री रिंकशिवाय दुसरं काही नसतं. तिथला एकोणीस वर्षांचा तारा गेला तर गावाचा हंगाम जातो, तिकिटं पडून राहतात. मिच मार्नर ड्राफ्टनंतर लंडन नाइट्स या ओंटारियोतल्या ज्युनिअर संघाकडे परत गेला, ज्युनिअरचा मेमोरियल कप जिंकून मगच टोरांटोला आला आणि त्याचं काही बिघडलं नाही, हेही ते सांगतील. बरोबर आहे, काही पोरांना आणखी एक वर्ष आपल्या वयाच्या मुलांचं पुढारीपण करणंच मानवतं. पण तो निर्णय पोराचा आणि क्लबचा असावा, नियमाचा नसावा. गावांचं नुकसान भरून काढायचं तर एनएचएलने प्रत्येक पोरामागे ज्युनिअर क्लबला घसघशीत भरपाई द्यावी. पैसा तिथे आहे. शिवाय भिंत दुसरीकडून पडलीच आहे. ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलमध्ये खेळलेल्यांना अमेरिकन कॉलेज हॉकी खुली झाली आणि गॅव्हिन मॅकेनासारखा पोरगा लगेच पेन स्टेट विद्यापीठात गेला. अठरा वर्षांचा कॅनेडियन पोरगा अमेरिकन कॉलेजात बावीस-तेवीस वर्षांच्यांशी खेळू शकतो, मग एएचएलमध्ये खेळल्याने त्याचं काय वाईट होणार आहे?

एक भीती मात्र खरी आहे. खालच्या लीगमध्ये माणूस अडकून पडू शकतो. एएचएलमध्ये तिशीपर्यंत बसप्रवास करणारे, वर चार-दोन सामने खेळून परत आलेले खूप आहेत. आणि प्रत्येक एएचएल क्लब पोरांना घडवतोच असंही नाही. काही ठिकाणी करंडकाच्या हौसेपायी जुने गडी वर खेळतात आणि कोवळा पोरगा तिथेही चौथ्या फळीत आठ मिनिटं काढतो. तसं असेल तर खाली पाठवण्याला काही अर्थ नाही. पण कित्येकांसाठी ही लीगच एकमेव दार असते. ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा अर्शदीप बैन्स ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. पश्चिमेच्या ज्युनिअर लीगमध्ये २०२१-२२ चा सर्वाधिक गुणांचा मान मिळवल्यावर व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला, मग तो अॅबट्सफोर्डला एएचएलमध्ये खेळला आणि तिथून २०२४ मध्ये एनएचएलमध्ये पोचला. जून २०२५ मध्ये अॅबट्सफोर्डने काल्डर कप जिंकला तेव्हा बैन्स त्या संघात होता, आणि मुख्य प्रशिक्षक होता मॅनी मल्होत्रा.

आमच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टन पट्ट्यात पहाटे अंधारात रिंकवर पोचणाऱ्या गाड्यांत आता मराठी घरंही आहेत. शिबिरं, स्केट्स, स्पर्धांचे प्रवास यांत घरखर्चाचा मोठा वाटा जातो, आणि पोरगं जरा चमकलं की चौदाव्या-पंधराव्या वर्षीच ‘कधी वर जाणार’ सुरू होतं. फार थोड्यांच्या दारापर्यंत ड्राफ्ट येईल. आला, तर क्लबच्या माणसाला पगाराच्या आधी विचारा, की माझ्या पोराला कुठल्या फळीत ठेवणार आणि किती मिनिटं. पॉवर प्लेवर घेणार का? सलग दोन चुका झाल्या तर बाकावर बसवणार की पुन्हा सोडणार? खाली पाठवलं तर तिथला प्रशिक्षक कोण आहे, तो गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला वर पाठवू शकला? उत्तरं कागदावर मिळत नाहीत, पण समोरच्याने विचार केलाय की नाही हे दहा मिनिटांत कळतं. आणि क्लब म्हणाला, की याला वर ठेवतो पण सध्या सात-आठ मिनिटंच मिळतील, तर हात जोडून सांगा की त्यापेक्षा खाली पाठवा.